न मारलेली हाक

फिलू,

तू जाऊन महिना झाला, काल चर्चमध्ये त्याची मिस्सा झाली. फादरनी तुझं अख्खं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि मला क्षणभर कळेचना की ही कोण बाई. पुढच्या बाकावर तुझी आय होती. मी मागे खांबापाशी बसले होते. नाताळात तू मला तिथेच बसवायचीस, कारण तिथून ऑर्गन वाजवणाऱ्याचे पाय दिसतात. मिस्सेनंतर बाहेर लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. किती शांत होती, किती सोसलं, क्वायरमध्ये किती वर्षं गायली. सगळं खरंच आहे. पण त्या रेकॉर्डबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, कारण तुझ्यामाझ्याशिवाय ती कोणी नीट ऐकलीच नव्हती. आणि जे झालं ते तिच्याशिवाय सांगता येत नाही मला.

तू मरोळ गावठाणातली, चर्चच्या मागच्या गल्लीतली. मी दिंडोशीहून आरेच्या जंगलातल्या रस्त्याने बसने येणारी. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या अॅम्प्लिफायरच्या कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर आपण शेजारी बसलो आणि पाच वर्षं तशाच बसलो. कानाला हेडफोन लावायचा, अॅम्प्लिफायर चालू करायचा आणि काहीच वाजत नसताना आत कुठे घरघर येते का ते ऐकायचं. दिवसभर शांतता ऐकायचा पगार मिळतो आपल्याला, असं तू म्हणायचीस. माझा कान तयार होता तो बाबांमुळे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते घरीच असायचे आणि भजनात मृदंग वाजवायचे. तुझा कान चर्चमुळे. त्यावरूनच आपलं जमलं.

ती रेकॉर्ड आंद्रूने आणली. तुझा भाऊ बोटीवर होता, कुठल्याशा थंड देशाच्या बंदरात जुन्या सामानाच्या दुकानात त्याला ती सापडली. दोन तबकड्या, चार बाजू. कव्हरवर नुसतं एक दार, अर्धवट उघडं. आतल्या फोटोत पाच दाढीवाले. देवाचं आहे म्हणून फिलूसाठी घेतली, असं तो म्हणाला. तू मला रविवारी जेवायला बोलावलंस आणि जेवण झाल्यावर खिडक्या लावून घेतल्यास.

"खिडक्या कशाला?"

"गल्लीतले म्हणतील, बायबलच्या नावाखाली रॉक लावते. ऐक तू गुपचूप."

मी मराठी शाळेतली. त्यांचं इंग्रजी मला चार शब्दांपलीकडे कळत नव्हतं. तू प्रत्येक बाजूआधी गोष्ट सांगायचीस. एक बारा वर्षांची मुलगी. बाप सभास्थानाचा अधिकारी. मुलगी आजारी पडते, बाप येशूला आणायला धावतो, तो येईपर्यंत मुलगी जाते. येशू घरात येतो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. शुभवर्तमानात एवढंच आहे, तू म्हणालीस, आणि अख्ख्या गोष्टीत त्या पोरीचं नाव कुठेच नाही.

पहिल्या बाजूला सुरुवातीला फक्त ऑर्गनचा एक खालचा सूर. तो कानाला कमी आणि लादीवर टेकलेल्या तळपायाला जास्त लागायचा. मग ढोल सुरू झाला आणि मी मांडीवर मोजायला लागले. सात. आमचा रूपकच की हा. पुढे मध्येच नऊ झाले, मग पुन्हा सात, जसा तापातला श्वास चुकतो तसं. मुलगी म्हणजे बासरी होती. दोन सुरांमध्ये वाजवणाऱ्याने घेतलेला श्वास त्यांनी पुसला नव्हता, मुद्दाम ठेवला होता. तो दर वेळी थोडा लांबत जायचा. इंग्रजी न कळता मला कळलं की पोरगी जगत नाही.

दुसऱ्या बाजूला मयताचं घर. भाड्याने आणलेले बासरीवाले, रडणाऱ्या बाया. येशू म्हणतो, ती मेलेली नाही, झोपली आहे, आणि सगळे त्याला हसतात. ते हसणं आठवतं? आधी एकच माणूस हसतो. मग त्याच हसण्याचे वरचे खालचे सूर होतात, दहा-वीस हसणी मिळून चर्चमधल्या क्वायरसारखी एक चाल होते. आंद्रूने त्या वाद्याबद्दल सांगितलं होतं. पेटीसारख्या पट्ट्या असतात, पट्टी दाबली की आत एक फीत फिरते आणि त्या फितीवर खऱ्या माणसांचे आवाज असतात. फीत आठ-दहा सेकंदांचीच. ती संपली की आवाज गळा दाबल्यासारखा तुटतो. तुझी आय स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती.

"कोन हसतंय गो घरात?"

"कोणी नाय आय, रेकॉर्ड हाय."

"बंद कर ती. हसतंय ते मानूस जित्तं नाय वाटत."

आपण हसलो. पण मग आवाज कमी केला.

तिसरी बाजू तुझी आवडती. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढतात. वाद्यं एकेक करून थांबतात आणि मग काहीच नाही. जवळजवळ पाऊण मिनिट. पहिल्यांदा मला वाटलं सुई अडकली. तू बोट ओठावर ठेवलंस. मग एकदम मुलीचा आवाज, अख्ख्या रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा. गोड नाही, घसा सुकल्यासारखा. तू म्हणालीस, "बघ, येशू तिला 'ऊठ' म्हणतो, तो शब्द ठेवलाच नाही त्यांनी. कोण कसा गाणार तो? म्हणून जागा सोडली."

त्या एका वाक्यासाठी मी तुझे किती आभार मानू. दशावतार बघत वाढलेली मी, मला वाटायचं देव आला की शंख, झांजा, आरडाओरडा. संगीतात न वाजवलेली जागाही बोलते, हे मला मरोळच्या त्या बंद खोलीत कळलं.

चौथी बाजू बायबलात नाही, ती त्या पाच जणांनी स्वतः रचली. मुलगी मोठी होते, लग्न करते, तिला पोरं होतात. पण रोज सकाळी कोणी 'ऊठ' म्हटलं की तिचे हातपाय गार पडतात. शेवटी ती म्हातारी होऊन पुन्हा एका खोलीत पडलेली. बाहेर माणसं जमलेली, बासऱ्या सुरू. मग सगळा ताफा एकत्र येतो, ऑर्गन, गिटार, ते फितीवरचे आवाज, आणि चढत चढत अगदी माथ्यावर गेल्यावर मध्येच कापतात. सुई नुसती फिरत राहते.

भांडण त्या शेवटावरूनच. तुझं म्हणणं, ती कान देऊन वाट बघते, तो पुन्हा येणार म्हणून. माझं म्हणणं, ती देवाला विनवतेय की या वेळी कोणाला पाठवू नको. वर्षभर आपण यावर बोललो, डबा खाताना, बसस्टॉपवर. एकदा मी जास्तच बोलले.

"पहिल्यांदा तरी तिला विचारलं का कोणी, परत यायचंय का म्हणून? तुझा देव विचारत नाही कोणाला."

तू डबा बंद केलास. "सुलू, त्या आईबापाचा विचार केलास कधी?"

चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. शेजारी बसून, कानाला हेडफोन लावून चार दिवस. पाचव्या दिवशी तू माझ्यासमोर एक कॅसेट ठेवलीस. अख्खी रेकॉर्ड भरून आणली होतीस. "घरी ऐक यार, नीट. मग बोल."

घरी मी दुसरी बाजू लावली तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना ना इंग्रजी येत होतं, ना मी गोष्ट सांगितली होती. थोडा वेळ त्यांनी गुडघ्यावर ठेका धरला. मग हात काढून घेतला.

"सातांचो ठेको आसा," ते म्हणाले. "पण बाय, ह्यां गाणां मेल्याच्या घरातलां. तिन्हीसांजेक लावू नको."

मी ते तुला सांगितलं तेव्हा तुझ्या अंगावर काटा आला. तू हात पुढे करून दाखवलास.

तुझं हृदय लहानपणच्या तापाने अधू झालं होतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. जिना चढताना थांबायचीस, मी म्हणायचे आळशी आहेस. गणपतीला गावी जाऊन मी परत आले त्याच आठवड्यात, सकाळचा चहा होऊन गेल्यावर, तू हेडफोन काढलास, माझ्याकडे वळलीस आणि स्टुलावरून खाली गेलीस. मी मनगट धरलं, काही लागेना. नाकाखाली बोट धरलं, काही नाही. सुपरवायझरसाहेब गुडघ्यावर बसून तुझी छाती दाबू लागले. कोणीतरी टॅक्सी आणायला पळालं. आणि मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. फिलू. फिलू. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझा आवाज फाटला, आणि तू डोळे उघडलेस.

किती वेळ गेला होता कोणालाच सांगता येईना. कोणी दोन मिनिटं म्हणे, कोणी पाच. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, वेळेवर दाबलं म्हणून वाचली. तुझ्या आयने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. "पोरी, तुझ्या हाकेनं आली ती." सगळ्या गावठाणाला तिने हेच सांगितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण परत आलेली तू वेगळी होतीस. ऑपरेशन झेपणार नाही, म्हणाले. कामावर येणं बंद झालं. पाय सुजायचे, आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचीस. हे सगळं आजारपणाचं, ते समजत होतं. दुसरं एक होतं ते समजत नव्हतं. तुला हाक मारली की तू लगेच ओ देत नव्हतीस. आय आतून बोलवायची, तू मान वर करायचीस, थांबायचीस, दुसऱ्यांदा बोलावलं की मग "आले". मी विचारलं, ऐकू कमी येतं का गं?

"नाही. आधी बघते, कोण बोलावतंय ते."

तू हे इतक्या साधेपणाने सांगितलंस की मी पुढे काही विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

डिसेंबरात तुला जरा बरं होतं. आपण टॅक्सी करून आरेत गेलो. गोठ्यांच्या पलीकडे झाडीतल्या रस्त्याकडेला बाकावर बसलो. चांगलं ऊन होतं, दुपारचे तीन वाजले असतील. मी मोसंबं सोलत होते. तू एकदम डावीकडे, झाडांकडे वळून म्हणालीस, "हां."

"कोणाला हां?"

"तू नाही बोलावलंस?"

"मी इथे तुझ्या उजव्या हाताला बसलेय, फिलू."

तू झाडीकडे बघत राहिलीस. तिथे कोणी नव्हतं. पण मला आठवतंय, त्या घटकेला पाखरंही गप्प झाली होती आणि लांबच्या गोठ्यातलं एक जनावरसुद्धा हंबरत नव्हतं. माझ्या बोटांवर मोसंब्याचा रस सुकत चालला होता. मग तू माझ्या हातातली फोड घेतलीस आणि शांतपणे खाल्लीस. घाबरले होते ती मी.

नाताळ झाल्यावर तूच म्हणालीस, रेकॉर्ड लाव. मला तिसरी बाजू लावायचा धीर होत नव्हता. तू हट्ट धरलास. वाद्यं थांबत गेली, ती पाऊण मिनिटाची जागा आली, आणि तू डोळे मिटून मान हलवलीस, क्वायरमध्ये कोणी बेसूर गायलं की हलवायचीस तशी.

"चुकलंय इथे."

"काय चुकलं?"

"इथे शांतता नसते, सुलू. खूप आवाज असतो. छान असतो. सगळे एकदम गातात आणि कोणाचीच फीत संपत नाही."

सुई पुढे गेली. मुलगी गायला लागली, तो सुकलेला घसा. तू म्हणालीस, "आणि मग त्यातूनच एक जण तुझं नाव घेऊन ओरडतो आणि ते सगळं बंद पडतं."

मी रेकॉर्ड थांबवली नाही, कारण मला जागचं हलता आलं नाही. देव विचारत नाही कोणाला, असं मी तुला सुनावलं होतं. कारखान्याच्या फरशीवर मी तरी कुठे विचारलं होतं?

तू माझ्यावर रागावली नव्हतीस, तेवढं मला माहीत आहे. माझा हात धरून म्हणालीस, "बरं झालं ओरडलीस. आयबरोबर नाताळ मिळाला. आंद्रू येऊन गेला. तुझ्याशी भांडून झालं." मग थोडं थांबून, श्वास गोळा करून, "पण पुढच्या वेळी नको. शप्पथ घे माझी. गप्प बसायचं."

"असलं काही बोलू नको यार."

"सुलू. शप्पथ."

घेतली.

मार्च लागला होता, राखेचा बुधवार होऊन दोन आठवडे झाले असतील. शनिवार, माझा अर्धा दिवस. मी कामावरून थेट तुझ्याकडे आले तेव्हा मावशी, तुझी आय, डोक्यावर पदर घेऊन दारातच होती. "बस जरा तिच्याजवळ, मी फादरना घेऊन येते." चर्च पाच मिनिटांवर. खोलीत ऊन तुझ्या पांघरुणापर्यंत आलेलं. तू उशांना टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. श्वास यायचा, मग थांबायचा. मी मोजायला लागले, सवयच ती. सात. मग नऊ. मग अकरा. आरेत झाडांकडे वळवलं होतंस तसं तुझं तोंड डावीकडे वळलं, तिथे नुसती भिंत होती. तुझा चेहरा मात्र भिंतीकडे बघणाऱ्या माणसाचा नव्हता. कोणीतरी ओळखीचं दिसल्यावर होतो तसा होता.

मी पंधरापर्यंत मोजलं. वीसपर्यंत. तुझं नाव माझ्या दातांपाशी आलं होतं, फिलू. मी ते तोंडात दाबून धरलं, पदराचा बोळा कोंबून धरलं. गल्लीत कोणाची तरी सायकल गेली. चाळीस. साठ. त्या खोलीत कसलाही आवाज नव्हता, पण मी टेस्टिंगवाली बाई आहे, मला शांततेतली घरघर कळते, आणि त्या खोलीत घरघर नव्हती. स्वच्छ होतं सगळं. मी इतकी घाबरले नव्हते कधी, आणि इतकी निश्चिंतही नव्हते.

मावशी फादरना घेऊन आली. तिने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू तिला हाक नाय मारली?"

फिलू, तिच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगता येईना. माझ्या हाकेने तू एकदा आली होतीस, हे ती सहा महिने सगळ्यांना सांगत होती.

"मारली, मावशी. तिनं ऐकलं नाही."

ती खाली बसली आणि मग रडली. फादर प्रार्थना म्हणत राहिले.

तेव्हापासून दर रविवारी मी तुझ्या घरी जाते. मावशी चहा करते, मला तुझ्या खुर्चीवर बसवते आणि म्हणते, सांग पुन्हा, कशी हाक मारलीस. पहिल्या रविवारी मी म्हटलं, दोनदा मारली. दुसऱ्या रविवारी तिने विचारलं, जोरात मारली का? जोरात, मी म्हटलं. मग हात धरून का? हो, हात धरून. ती ऐकते, मान हलवते आणि तिला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पोरीला परत बोलावणारं कोणीतरी होतं, एवढंच तिला हवं असतं. मी आता थांबू शकत नाही.

पण काल मिस्सेनंतर तुझ्या घरी सांगताना एक झालं. मी बोलत होते आणि मला ती हाक ऐकू आली. माझाच आवाज, त्या खोलीतला, तिसऱ्या वेळी फाटलेला. आणि पाठोपाठ मला तुझी मान भिंतीकडून माझ्याकडे वळताना दिसली. मी बोलता बोलता थांबले. मावशी म्हणाली, पुढे? मला पुढचं आठवेना. नक्की काय झालं होतं तेच आठवेना.

बसमध्ये अख्खा रस्ता मी घोकत आले, पदराचा बोळा, सायकल, साठ आकडे. आज उठल्याबरोबर लिहायला बसले ते याचसाठी. पुढच्या रविवारी मी पुन्हा सांगेन, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा, आणि एक दिवस मलाच ते खरं वाटायला लागेल. तोवर तू जिथे आहेस तिथे एवढं माझ्यासाठी लक्षात ठेव. मी गप्प होते गं. शेवटपर्यंत गप्प होते.

तुझी,
सुलू